आबांचं कवच

उंदरांच्या खोलीचं दार उघडण्याआधी आबा बाहेरून टकटक करायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "उनू रे भो, उनू!" म्हणजे, आलो रे बाबांनो, आलो. आत कुणी प्राध्यापक काम करत बसले असतील म्हणून नव्हे. ही टकटक फक्त उंदरांसाठी. एकदा पाहणीला आलेले बाहेरगावचे साहेब दारात ताटकळले, तेव्हा आबांनी त्यांना समजावलं, "एकदम शिरलं की दचकतात, साहेब. दिवसा झोपतात ते. तुमच्या बेडरूममध्ये कोणी असं घुसलं तर चालेल का?" मी रुमालात तोंड खुपसून हसून घेतलं.

जळगावच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते. औषधं शरीरात काय करतात आणि काय बिघडवतात, हा माझा विषय. आबा आमच्या प्राणीघराचे शिपाई. मूळचे धुळ्याकडचे, पण नोकरीमुळे बायकोला, म्हणजे अक्कांना, घेऊन कॉलेजमागच्या वस्तीत राहायला आलेले. आमच्याशी ते शहरी मराठी बोलत, घरी आणि उंदरांशी अहिराणी. फार राग आला किंवा फार लोभ आला की आमच्याशीही अहिराणीच.

तुम्ही प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर पाहिले असतील, निदान चित्रात तरी. सगळे एकसारखे. ओळखू यावेत म्हणून त्यांच्या अंगावर पिवळा रंग लावतात, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीला. तो रंग लावायचं काम आबांचं, त्यामुळे त्यांची बोटं बारमाही पिवळी. नवीन आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, "घरात हळद आहे का हो?" आबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "हो ना. पन्नास नवरदेव आहेत आत."

एप्रिल-मे महिन्यात जळगाव कसं तापतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. स्टाफरूमचा कूलर बंद पडला की तो दुरुस्त व्हायला पाऊस उजाडायचा. उंदरांचा कूलर मात्र आबा दुपारच्या आत सुरू करून घ्यायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "आबा, आम्ही काय माणसं नाही का?" ते म्हणाले, "तुम्ही माणसं आहात म्हणून तर. तुम्ही रजा टाकू शकता. त्यांनी कुठं जायचं?" यावर भांडता येत नाही. मी तशी तापट आहे, पण आबांपुढं माझा पारा टिकत नसे.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्याकडे दर एक-दोन वर्षांनी कुणी ना कुणी विद्यार्थी एकाच धर्तीचा प्रयोग करायचा. एक जुनं अँटिबायोटिक आहे, इंजेक्शनचं. गुणकारी, पण मूत्रपिंडाला इजा करणारं. काही उंदरांना नुसतं पाणी द्यायचं. काहींना ते इंजेक्शन. आणि काहींना ते इंजेक्शन, पण सोबत सी आणि ई ही जीवनसत्त्वं. औषधामुळे पेशींची जी जाळपोळ होते, ती ही जीवनसत्त्वं थोपवतात का, ते पाहायचं. ठरलेले दिवस झाले की उंदरांना मारून त्यांची मूत्रपिंडं काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची.

त्या ठरलेल्या दिवशी आबा नसायचे. आदल्या संध्याकाळी ते प्रत्येक पिंजऱ्यापाशी जायचे, दाणे थोडे जास्त टाकायचे, पाण्याच्या बाटल्या स्वच्छ धुवून भरायचे, आणि सकाळी रजेचा निरोप यायचा. कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्राचार्यांनीही कधी हटकलं नाही. आबांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि या एका बाबतीत ते तिच्याशी मनातल्या मनात काय बोलत असतील ते मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते यायचे आणि रिकामे पिंजरे धुवायचे.

म्हणजे लक्षात घ्या, आबांनी आदल्या संध्याकाळपर्यंतचं सगळं पाहिलं होतं. पुढचं काहीच नाही.

आणि त्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहण्यासारखं असायचं. नुसतं इंजेक्शन घेतलेले उंदीर मलूल व्हायचे. केस विस्कटलेले, कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. जीवनसत्त्वं मिळालेले मात्र पिंजऱ्यात पळत असायचे, दाण्यासाठी भांडायचे, आबांच्या पिवळ्या बोटांना हुंगायचे. एका विद्यार्थिनीनं तिच्या सेमिनारमध्ये मराठीत समजावताना या जीवनसत्त्वांसाठी 'संरक्षक कवच' असा शब्द वापरला. आबा तेव्हा प्रोजेक्टरची वायर धरून उभे होते, कारण ती सोडली की चित्र जायचं. त्यांनी वायर सोडली नाही आणि तो शब्दही सोडला नाही.

आबांचे गुडघे वाईट होते. उकिडवं बसून पिंजरे घासण्यात निम्मी हयात गेलेली. डॉक्टरांनी कधीतरी थोड्या दिवसांसाठी दुखण्याची गोळी लिहून दिली होती. पुढं डॉक्टर राहिले बाजूला, आणि मेडिकलवाला आबांना लांबून पाहूनच पट्टी काढून ठेवू लागला. हे काही जगावेगळं नाही. तुमच्याही गल्लीत अशी दोन-चार माणसं निघतील, कदाचित तुमच्या घरातही.

जगावेगळं होतं ते पुढचं. आबांच्या खिशात चष्म्याचं घर असायचं. त्यात चष्म्याशेजारी तीन तऱ्हेच्या गोळ्या. दुखण्याची पांढरी, सी जीवनसत्त्वाची चघळायची नारिंगी आंबट गोळी, आणि ई जीवनसत्त्वाची हिरवी, काचेसारखी चमकणारी कॅप्सूल. दुपारच्या चहानंतर ते घर उघडायचं. आधी हिरवी, मग नारिंगी, मग पांढरी. लोक सुपारी पुढं करतात तशी ते नारिंगी गोळी सगळ्यांपुढं करायचे. "घ्या मॅडम, कवच घ्या."

मी सांगितलं. रागावून सांगितलं, समजावून सांगितलं. "आबा, आपण उंदरांना देतो ते औषध वेगळं, तुम्ही खाता ते वेगळं."

"किडनी तर तीच आहे ना?"

"आणि कवच मिळालेल्या उंदरांचीही मूत्रपिंडं शाबूत नसतात. इजा कमी होते, इतकंच."

"कमी व्हयनं ना? मग बस."

"अहो, उंदरांवर जे झालं ते माणसावर होईलच असं नसतं. दुखण्याच्या गोळ्या रोज खायच्या नसतात, एवढी साधी गोष्ट आहे."

मग त्यांचं नेहमीचं वाक्य यायचं. डोळ्यांकडे बोट करून ते म्हणायचे, "मी मना डोयाघाई देखेल शे, मॅडम." मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि हे खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. पुस्तक वाचून कुणी मूर्खपणा केला तर पुस्तक दाखवून खोडता येतो. ज्यानं हातानं दाणे घातले, त्याला काय दाखवायचं?

आबांच्या धाकट्या भावाला सगळे नाना म्हणत. नाना धुळ्याकडे गावी राहायचे आणि बाजार समितीत हमाली करायचे. दांडगा गडी, दाराची चौकट भरेल असा. पाठीवर पोती वाहून कंबर धरलेली, म्हणून दुखण्याच्या गोळ्या त्यांच्याही खिशात. दिवाळीच्या आसपास ते भावाकडे आले होते, तेव्हा आबांनी त्यांना कॉलेज दाखवायला आणलं, आणि प्राणीघरात पिंजऱ्यासमोर उभं केलं. "हाऊ देख, नुसतं औषध. आणि हाऊ देख, कवचवाला. कसा पयस!" नाना तोंड उघडं टाकून त्या पळणाऱ्या उंदराकडे पाहत राहिले. परत जाताना त्यांच्या खिशात हिरव्या कॅप्सूलची पट्टी होती. दारात मला भेटल्यावर म्हणाले, "आमना भाऊ डॉक्टरच शे, मॅडम." आबा लाजले. इतके लाजले की मला त्या क्षणी रागावणं जमलं नाही.

मग तो उन्हाळा आला. मी पहिल्यांदा पाहिल्या त्या आबांच्या चपला. मागचा पट्टा ते दाबून वापरू लागले होते, कारण पाय आत जात नव्हता. सकाळी चेहरा सुजलेला असायचा. अंगाला खाज सुटायची, आणि सगळे म्हणायचे, उंदरांच्या केसांमुळे असेल. चहा अर्धा टाकून द्यायचे. "तोंडाला लोखंडाची चव येते," म्हणाले एकदा. वर्गात मी हीच लक्षणं फळ्यावर लिहिते, मुलं ती वहीत उतरवून घेतात. इथं ती चपला दाबून माझ्यासमोर चालत होती.

त्याच दिवशी मी त्यांना गाडीत घातलं आणि रक्त तपासायला नेलं. ते कुरकुरत आले. वाटेत नारिंगी गोळी चघळत होते.

रिपोर्ट आला तो वाईट आला. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी चष्म्याचं घर उघडून एकेक गोळी टेबलावर मांडली. मग म्हणाले, दुखण्याच्या गोळ्या इतकी वर्षं, वरून या उन्हात पाणी कमी, आणि त्यावर ही आंबट गोळी एवढ्या मात्रेत. तीही शेवटी किडनीतूनच बाहेर पडते. जास्त झाली तर उलट तिचाच त्रास होतो. आबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आपल्याच घरातल्या माणसानं चोरी केली असं कुणी सांगावं, तसा चेहरा झाला होता त्यांचा.

बाहेर बाकावर अक्का बसल्या होत्या. मी विचारलं, "अक्का, दुखण्याच्या गोळ्या रोज किती घ्यायचे हो आबा? आमच्यासमोर तर एकच."

अक्का पदरानं डोळे पुसत होत्या. "पहिले एकच ल्येत. तीबी भीत भीत. ती हिरवी उनी आणि मग त्यासले भेवच नही वाटे. सकायले दोन, सांजले दोन. मी म्हने, नका खाऊ एवढ्या. त म्हनेत, तुले काय समजस, कवच शे."

मी तिथंच बाकावर बसून राहिले. गोळीची भीती, एवढं एकच खरं कवच त्या माणसापाशी होतं, आणि ते त्या हिरव्या कॅप्सूलनं काढून घेतलं होतं.

डायलिसिस सुरू झालं. आबा रोडावले. तरी एका दुपारी, हॉस्पिटलचा दिवस नसताना, ते कॉलेजात आले. मला वाटलं उंदरांना भेटायला आले असतील. ते त्या खोलीकडे गेलेच नाहीत. माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही आत काय पाहता, ते मला दाखवा."

"कोणत्या दिवशी?"

"मी नसतो त्या."

मी नको म्हणणार होते. पण त्यांनी खुर्ची ओढून घेतली होती. जुन्या प्रयोगांच्या काचा कपाटात असतात. मी तीन काढल्या. पहिली सूक्ष्मदर्शकाखाली लावली, पाणी पिणाऱ्या उंदराच्या मूत्रपिंडाची. आबांनी चष्मा काढला, वाकले. गुलाबी-जांभळ्या रंगाच्या, एकमेकींना लागून बसलेल्या नळ्या, प्रत्येक नळीची कड नीट. "छान आहे," ते म्हणाले. दुसरी, नुसत्या इंजेक्शनवाल्याची. कडा उसवलेल्या, पेशी गळून नळ्यांमध्ये अडकलेल्या. त्यांनी मान हलवली. हे त्यांना अपेक्षित होतं.

मग तिसरी काच लावली. ती कवचवाल्याची होती. बराचसा भाग चांगला होता, हे मला सांगायलाच हवं. विज्ञान खोटं नव्हतं, आमची विद्यार्थिनीही खोटी नव्हती. आबांनी काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. मग एका जागी थांबले.

"हाई बी त बिघडेलच शे," ते म्हणाले.

"हो, आबा. कमी आहे. पण आहे."

"पन हाऊ त पयत व्हता! आदल्या सांजले मीच दाना टाका त्याले. पयत व्हता, मॅडम!"

"पळतच होता. बाहेरून कळत नाही, आबा. बरंचसं बिघडेपर्यंत कळत नाही. आणि आपण त्यांना ठरलेल्या दिवशी मारतो. पुढं त्यांचं काय झालं असतं, ते आम्हीही कधी पाहिलेलं नाही."

ते सरळ बसले. चष्मा घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मला वाटलं स्वतःबद्दल काही विचारतील. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि नानांना फोन लावला, तिथंच, माझ्या प्रयोगशाळेत.

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. बाजारात असावेत, मागे गाड्यांचा गलका होता. आबा ओरडून सांगत होते, सगळं बंद कर, हिरवी, नारिंगी, पांढरी, बठ्ठं बंद कर, उद्याच्या उद्या रक्त तपासून घे. नाना हसत होते. "भाऊ, तूच त सांगेल व्हतं. माले काहीच त्रास नही. कंबर मोकयी शे, खूप काम व्हस." आबा पुन्हा सांगू लागले. आत्ता पाहिलेलं त्यांना सांगता येईना. नळ्या, कडा, पेशी, हे शब्द अहिराणीत कुठून आणायचे? "नाना, मी देखं रे आते," एवढंच ते परत परत म्हणत राहिले, आणि पलीकडून फोन ठेवला गेला.

आबांना रडताना मी तेव्हा पाहिलं. रागही आला मला, कुणाचा ते सांगता येणार नाही. मी त्यांना घरापर्यंत सोडलं.

त्यानंतर आबा कॉलेजात आले नाहीत. नानांना ते रोज फोन करत, अक्का सांगायच्या. सुरुवातीला नाना उचलायचे, हो हो म्हणायचे. मग उचलेनासे झाले. उन्हाळा संपता संपता एका डायलिसिसनंतर आबा घरी आले, त्यांनी अक्कांना चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावी होता. मी बसनं धुळ्याला आणि तिथून रिक्षानं गेले. शाळेसमोरच्या पटांगणात मंडप घातला होता, वंदना झाली, दोघे-चौघे आबांबद्दल चार शब्द बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, त्यांची ती उंदरांसाठीची टकटक सांगितली आणि खाली बसले.

नाना अखंड धावपळ करत होते. पाण्याचे जार आणत होते, म्हाताऱ्यांना हात धरून बसवत होते, पानं वाढत होते. घाम निथळत होता, पण दम लागलेला दिसत नव्हता. मी त्यांना गाठलं आणि तपासणीचं विचारलं. "करसू ना, मॅडम," ते म्हणाले. "भाऊ आजारी व्हता ना, आजारी मानूस घाबरस. माले काय व्हयेल शे? देखा ना!" आणि त्यांनी खरंच दोन्ही हात पसरून दाखवले.

अक्का जवळच बसल्या होत्या. त्या उठल्या, नानांपुढं आल्या आणि तळहात पुढं केला. "काढ."

सगळी माणसं बघत होती. वहिनीपुढं नाना लहान झाले. त्यांनी शर्टाच्या खिशातून पट्ट्या काढल्या, पांढरी, हिरवी, दोन्ही, आणि अक्कांच्या हातावर ठेवल्या. अक्कांनी त्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि परत जाऊन बसल्या. मला हायसं वाटलं. आबांना जे जमलं नाही ते या बाईनं एका शब्दात केलं, असं मी मनाशी म्हटलंही.

निघताना मी मंडपाच्या मागच्या बाजूनं गेले. तिथं टेम्पोत खुर्च्या चढवायचं काम चाललं होतं. नाना टेम्पोवाल्याशी बोलत होते, आणि टेम्पोवाल्यानं आपल्या खिशातली दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्यापुढं धरली होती, तंबाखू पुढं करावी तितक्या सहज. नानांनी मला पाहिलं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, लाज म्हणा, भीती म्हणा. एक गोळी हातात घेऊन पट्टीतून ते दुसरी काढत होते, ती त्यांनी काढली नाही.

"आज एकच लेस, मॅडम," ते म्हणाले. "संगे ती हिरवी नही ना."

ती एक गोळी त्यांनी पाण्याशिवायच गिळली आणि खुर्च्या उचलायला वाकले.